थट्टेचा मान

वाचकहो, घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीची काळजी घेताना आपण आहार, व्यायाम, औषधे आणि झोप या चार गोष्टींचा हिशेब मोठ्या तत्परतेने ठेवतो. या हिशेबात आज मी एक पाचवी गोष्ट घालू इच्छिते. ती म्हणजे एक चांगला, विश्वासू, हक्काने भांडणारा प्रतिस्पर्धी. वाचून आपल्याला नवल वाटेल. उतारवयात माणसाला शांतता हवी, वाद कशाला, असे आपण सहज म्हणतो. मीही कोणत्या वैद्यकीय ग्रंथाचा आधार घेऊन हे लिहीत नाही. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर लिव्हरपूल नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील फुटबॉलच्या दोन क्लबांच्या वृद्ध चाहत्यांकडून हा धडा मला मिळाला.

यजमानांच्या रुग्णालयातील नोकरीमुळे १९८३ मध्ये मी त्या शहरात गेले आणि जवळजवळ तीन दशके तेथे राहिले. त्यांपैकी बरीच वर्षे मी ज्येष्ठांच्या एका दिवसकेंद्रात काम केले. सकाळी वृद्ध मंडळींना गाडीतून आणायचे, चहा-बिस्किटे द्यायची, गप्पा, पत्ते, हलका व्यायाम, दुपारचे जेवण आणि चारच्या सुमारास पुन्हा घरी पोहोचवायचे, असा आमचा दिनक्रम असे. फुटबॉलचे मला अक्षरशः काहीही ज्ञान नव्हते. परंतु त्या शहरात नवख्या माणसाला नाव आणि गाव विचारून झाले की तिसरा प्रश्न ठरलेला असतो : लाल की निळा? लाल म्हणजे लिव्हरपूल क्लब आणि निळा म्हणजे एव्हर्टन. 'दोन्ही नाही' या उत्तराला तेथे फारशी किंमत नाही.

एका भाऊबंदकीची कथा

या दोन क्लबांचे नाते समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल. १८७८ मध्ये सेंट डोमिंगो नावाच्या एका मेथडिस्ट चर्चमधील तरुणांनी फुटबॉलचा संघ काढला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव एव्हर्टन झाले. १८८४ पासून हा संघ ॲनफिल्ड येथील मैदानावर खेळू लागला. जॉन हूल्डिंग हे गावातील मद्यनिर्माते आणि राजकारणी या मैदानाचे सूत्रधार होते. मैदानाचे भाडे आणि क्लबवरील हुकमत यांवरून वाद वाढत गेला. अखेर १८९२ मध्ये एव्हर्टनने ते मैदान सोडले आणि स्टॅन्ले पार्क या उद्यानाच्या पलीकडे 'गुडिसन पार्क' हे स्वतःचे मैदान उभारले. हूल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान उरले. मैदान आहे पण संघ नाही, म्हणून त्यांनी नवा संघ काढला. तोच आजचा जगप्रसिद्ध लिव्हरपूल क्लब.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर ही शुद्ध भाऊबंदकी आहे. मधल्या बागेच्या दोन अंगांना दोन घरे, आणि एका घरातून दुसऱ्या घरातले बोलणे ऐकू यावे इतके जवळचे अंतर! सामन्याच्या दिवशी एका मैदानावरचा जल्लोष दुसऱ्या मैदानाच्या गल्ल्यांत ऐकू येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही दशके दोन्ही क्लबांची सामन्याची माहितीपत्रिकादेखील एकच छापली जात असे.

एकाच शहरातील दोन संघांच्या सामन्याला इंग्लंडमध्ये 'डर्बी' म्हणतात. लिव्हरपूलच्या डर्बीला पुष्कळ काळ 'मैत्रीची डर्बी' असे नाव होते. त्याचे कारण साधे आहे. तेथे लाल मोहल्ला आणि निळा मोहल्ला अशी विभागणी नाही. एकाच घरात बाप निळा आणि मुलगा लाल, सासू लाल आणि सून निळी असते. मी गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, मार्च १९८४ मध्ये, हे दोन संघ प्रथमच वेम्बलीच्या मैदानावर अंतिम सामन्यात समोरासमोर आले. लंडनकडे निघालेल्या बसगाड्यांच्या खिडक्यांतून लाल आणि निळे मफलर एकत्र फडकत होते. स्टेडियममध्ये दोन्हीकडचे चाहते एकमेकांच्या शेजारी बसले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तेव्हा लाखभर लोकांच्या त्या गर्दीतून दोन्ही क्लबांचा नव्हे, तर आपल्या परिसराचा, 'मर्सीसाइड'चा जयघोष झाला. काही दिवसांनी फेरसामना झाला आणि तो लिव्हरपूलने जिंकला. पण आमच्या गल्लीतील लोक पुढे कित्येक वर्षे त्या पहिल्या, न जिंकलेल्या दिवसाचीच आठवण काढत.

निवृत्त न होणारी ओळख

वय वाढते तसे माणसाच्या ओळखी एकेक करून गळून पडतात. नोकरी सुटते, हुद्दा जातो. जोडीदार जातो तेव्हा 'अमक्याची पत्नी' किंवा 'तमकीचा नवरा' हे नातेही मागे पडते. घर बदलते, मुले दूर जातात. मग आपण कोण, हा प्रश्न उरतो. लिव्हरपूलच्या वृद्धांना या प्रश्नाचे निदान एक उत्तर तरी तयार असे : मी निळा आहे, किंवा मी लाल आहे. ही ओळख सातव्या-आठव्या वर्षी वडिलांनी किंवा आजोबांनी मैदानावर नेले त्या दिवशी मिळालेली असते आणि ती कोणी सेवानिवृत्त करू शकत नाही.

या निष्ठेचा जिंकण्याशी फार संबंध नसतो, हे मला उशिरा उमगले. एव्हर्टनने मोठी स्पर्धा शेवटची जिंकली ती १९९५ मध्ये. लिव्हरपूलसारख्या बलाढ्य क्लबलाही १९९० नंतर पुन्हा लीगचे विजेतेपद मिळवण्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. तीस वर्षे म्हणजे एक पिढी. तेवढ्या काळात चाहत्याने दुसरा क्लब का निवडू नये? आमच्या केंद्रात एका तरुण स्वयंसेवकाने हा प्रश्न विचारला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला नोकरी टिकत नाही. म्हणून काय मी शेजारणीचा मुलगा घरी आणू?"

निवृत्तीविषयी बोलताना बिल शँक्ली यांची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५९ च्या अखेरीस लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत खितपत असताना त्यांनी संघाचे व्यवस्थापकपद स्वीकारले आणि त्याला इंग्लंडच्या शिखरावर नेले. १९७४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. परंतु कामावाचून त्यांना चैन पडेना. ते सरावाच्या मैदानावर येत राहिले. खेळाडू जुन्या सवयीने त्यांनाच 'साहेब' म्हणत आणि नव्या व्यवस्थापकाची अडचण होई. हळूहळू त्यांचे तेथे येणे थांबले आणि त्याची सल त्यांच्या मनात राहिली. त्यांचे घर एव्हर्टनच्या सराव मैदानाला लागून होते. ज्या क्लबला हरवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्याच क्लबने त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले. आपले अधिक प्रेमाने स्वागत एव्हर्टनमध्ये झाले, असे पुढे त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले.

वाचकहो, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. निवृत्त माणसाला आपल्या माणसांच्या मध्ये कधीकधी जागा उरत नाही, कारण तेथे त्याची खुर्ची दुसऱ्याला दिलेली असते. प्रतिस्पर्ध्याच्या घरी मात्र त्याची जागा तशीच असते. प्रतिस्पर्ध्याला त्याचे मोल पक्के ठाऊक असते, कारण त्याने ते सोसलेले असते.

दोन मेहुणे

आता ज्या दोघांनी मला हे सारे शिकवले त्यांच्याविषयी. त्यांची नावे मी लिहिणार नाही. मनात मी त्यांना 'लाल आजोबा' आणि 'निळे आजोबा' म्हणत असे. लाल आजोबांनी जन्मभर शहरातील बस चालवली. निळे आजोबा गोदीत कामाला होते. निळ्या आजोबांची बहीण लाल आजोबांना दिलेली, म्हणजे हे दोघे मेहुणे. मेहुण्या-मेहुण्यांची थट्टा कशी असते हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यात फुटबॉलची भर पडलेली. पन्नास वर्षे दर सोमवारी या दोघांचा एकच कार्यक्रम होता. शनिवारी ज्याचा संघ जिंकला असेल त्याने दुसऱ्याच्या घरी जायचे, त्याच्याच खर्चाने चहा प्यायचा आणि तासभर त्याला छळायचे.

बहीण वारली. पुढे लाल आजोबांना स्मृतिभ्रंश जडला. सकाळचा नाश्ता केला की नाही हे त्यांना आठवेना, नातवंडांची नावे सरमिसळ होऊ लागली. ते आमच्या केंद्रात येऊ लागले आणि सोमवारी निळे आजोबाही तेथे हजेरी लावू लागले. लाल आजोबांची लेक वडिलांची शुश्रूषा एकटीने करत होती. ती फार प्रेमळ आणि फार थकलेली होती. एके दिवशी तिने निळ्या आजोबांना बाजूला घेतले. "मामा, बाबांना आता हे झेपत नाही. त्यांना डिवचू नका. शांतपणे बोला, एवढी विनंती आहे," असे तिने सांगितले. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटले असते.

मामांनी भाचीचा शब्द पाळला. पुढचे काही सोमवार ते मफलर न घालता आले. येताना द्राक्षे आणत, मेहुण्यांच्या शेजारी बसत, हळू आवाजात हवापाण्याची चौकशी करत. लाल आजोबा त्यांच्याकडे पाहत आणि खिडकीबाहेर पाहू लागत. त्यांचे बोलणे त्या आठवड्यांत आणखी कमी झाले. एकदा निळे आजोबा निघून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "हे सभ्य गृहस्थ कोण आहेत? रोज येतात बिचारे."

पन्नास वर्षांचा मेहुणा त्यांना ओळखू आला नव्हता. चेहरा तोच होता. पण इतक्या अदबीने बोलणारा कोणी माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

११ डिसेंबर २००४ रोजी, शनिवारी, गुडिसन पार्कवर एव्हर्टनने लिव्हरपूलला एका गोलने हरवले. सोमवारी निळे आजोबा आले ते गळ्यात निळा मफलर गुंडाळूनच. भाचीकडे त्यांनी एकदा क्षमा मागितल्यासारखे पाहिले. मग मेहुण्यांसमोर खुर्ची ओढून ते मोठ्याने म्हणाले, "काय रे, शनिवारी गावात नव्हतास वाटतं? तुझं पोरगं गोल करायचं विसरलं की काय?"

लाल आजोबांची मान वर झाली. डोळ्यांत काहीतरी हलले. मग त्यांनी बोट रोखले आणि स्पष्ट शब्दांत उत्तर दिले, "मेन रोड. दोन-शून्य. लिडेल."

मला त्याचा अर्थ कळला नाही. निळ्या आजोबांनी तो हसत हसत आणि डोळे पुसत सांगितला. १९५० साली मँचेस्टरच्या मेन रोड मैदानावर एफ. ए. कप स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलने एव्हर्टनला दोन-शून्य असे हरवले होते. एक गोल बॉब पेझली यांचा, दुसरा बिली लिडेल यांचा. दोघे मेहुणे तेव्हा विशीत होते आणि तो सामना पाहायला बरोबरच गेले होते. सकाळचा नाश्ता न आठवणाऱ्या माणसाला चोपन्न वर्षांपूर्वीचा निकाल पाठ होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कोणाच्या तोंडावर फेकायचा हेही आठवत होते. लेक जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि पुष्कळ वेळ रडली.

त्या दिवसापासून सोमवारचा शिरस्ता पुन्हा सुरू झाला. त्या हंगामात दोघांनाही पुरेल इतका दारूगोळा होता. लीगच्या तक्त्यात एव्हर्टन चौथ्या आणि लिव्हरपूल पाचव्या क्रमांकावर राहिले, तर मे महिन्यात इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात तीन गोलांनी मागे पडलेल्या लिव्हरपूलने बरोबरी साधून पेनल्टीवर युरोपचे विजेतेपद पटकावले. निळे आजोबा ही बातमी स्वतःच रोज नव्याने मेहुण्यांना सांगत, कारण ती त्यांच्या लक्षात राहत नसे. रोज नव्याने लाल आजोबांचा आनंद आणि रोज नव्याने निळ्या आजोबांचे तोंड वाकडे करणे चाले. स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याचा विजय त्याला इतक्या वेळा, इतक्या प्रामाणिकपणे कळवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पुढे आजार वाढला. एका थंडीच्या सकाळी लाल आजोबांनी खुर्चीवरचा निळा मफलर सहज उचलून गळ्यात घातला. आम्ही सगळे हसलो. कोणीतरी छायाचित्र काढायला धावले. निळे आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी तो मफलर हळूच काढून घेतला, मेहुण्यांच्या पिशवीतला लाल मफलर शोधून त्यांना घातला आणि आम्हाला म्हणाले, "त्याला भान होते तेव्हा त्याने हे कधी अंगाला लागू दिले नाही. आता भान नाही म्हणून मी त्याला हरवायचे का?"

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या आवडीनिवडी, श्रद्धा, लाज आणि हट्ट यांची राखण करायला तो स्वतः उरत नाही. ती राखण इतरांना करावी लागते. शुश्रूषेची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

लाल आजोबा दोन वर्षांनी गेले. अंत्यविधीला निळे आजोबा काळा कोट आणि त्यावर निळा मफलर घालून आले होते. कोणी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "दुसरे काही घातले तर तो मला ओळखायचा नाही."

थट्टेची वेस

वाचकहो, येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक थट्टा औषधी नसते. मैदानावरची डर्बी काही गोड नाही. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक लाल कार्डे याच सामन्याने पाहिली आहेत. गुडिसन पार्कवरची शेवटची डर्बी फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. एव्हर्टनने ९८व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि सामना संपल्यानंतरही पंचांना लाल कार्डे दाखवावी लागली. प्रेक्षकांतील घोषणाही अलीकडे पूर्वीपेक्षा कडवट झाल्याचे जुने लोक खेदाने सांगतात.

तरीही या शहराला थट्टेची वेस कोठे आहे हे ठाऊक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्यात गर्दीचे नियंत्रण सुटून चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. आठवड्याभराने लाल आणि निळ्या मफलरांची एक साखळी स्टॅन्ले पार्कमधून गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत, सुमारे एक मैल, गुंफली गेली. मी ती पाहिली आहे. कोणता मफलर कोणी बांधला हे तेव्हा कोणी विचारत नव्हते. मृतांच्या कुटुंबीयांना न्यायासाठी दीर्घ लढा द्यावा लागला आणि त्या लढ्यात निळे चाहतेही त्यांच्या बाजूने उभे राहिले. २०१२ मध्ये सत्यशोधन समितीचा अहवाल आल्यानंतर एव्हर्टनच्या मैदानावर दोन मुले हातात हात घालून आली. एका मुलीच्या निळ्या सदऱ्यावर ९ हा आकडा आणि मुलाच्या लाल सदऱ्यावर ६. तेव्हा मृतांची अधिकृत संख्या ९६ होती. आमच्या केंद्रातही हा विषय निघाला की सारी थट्टा आपोआप थांबे.

२०१५ पासून दोन्ही क्लबांचे चाहते मिळून गरजू कुटुंबांसाठी सामन्याच्या दिवशी धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करतात. भुकेला क्लबचा रंग नसतो, अशी त्यांची भूमिका आहे.

निळ्या आजोबांचेही काही अलिखित नियम होते. मेहुण्यांच्या संघाची थट्टा करायची, त्यांच्या विसराळूपणाची कधीही नाही. त्यांनी काही चुकीचे सांगितले तर दुरुस्त करायचे नाही. १९५० चा सामना कालच झाला असे ते म्हणाले, तर काल झाला असे धरून हार पत्करायची. आणि ते दमलेले, घाबरलेले किंवा चिडलेले दिसले, तर तत्क्षणी विषय बंद.

आठवणींचा उपयोग

लाल आजोबांच्या बाबतीत जे घडले ते अगदीच चमत्कार म्हणण्यासारखे नव्हते. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी माणसाच्या मनात विशेष ठळक राहतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना आढळले आहे. स्मृतिभ्रंशात ताज्या घटना आधी पुसल्या जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. म्हणून जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी यांच्या आधारे ज्येष्ठांना बोलते करण्याची पद्धत जगभर वापरली जाते. ब्रिटनमध्ये यासाठी फुटबॉलचा उपयोग केला जातो. स्कॉटलंडमध्ये जुन्या सामन्यांची छायाचित्रे आणि कार्डे दाखवून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांशी गप्पा मारण्याचा उपक्रम चालतो. एव्हर्टन क्लबच्या १९८८ मध्ये सुरू झालेल्या समाजकार्य संस्थेतही अशा रुग्णांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी कार्यक्रम होतात. याने आजार बरा होत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु मनाची उभारी वाढते, माणसे एकमेकांशी बोलतात आणि शुश्रूषा करणाऱ्यालाही तासभर आपला माणूस परत भेटल्याचे समाधान मिळते.

ज्यांचे गुडघे अजून साथ देतात त्यांच्यासाठी तेथे 'चालत खेळायचा फुटबॉल' निघाला आहे. २०११ मध्ये इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे पन्नाशीपुढील लोकांसाठी तो सुरू झाला. यात धावायला बंदी असते. धावलात की चेंडू प्रतिपक्षाला मिळतो. हृदयाला बेताचा व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव आणि नंतर चहाच्या टेबलावर भांडण, असा तिहेरी लाभ त्यात होतो.

हृदयाची काळजी

अटीतटीचा सामना पाहणे ही हृदयाची परीक्षाही असते. एव्हर्टनचे महान खेळाडू डिक्सी डीन यांनी १९२७-२८ च्या लीग हंगामात ६० गोल केले होते. तो विक्रम अजून अबाधित आहे. १ मार्च १९८० रोजी गुडिसन पार्कवर लिव्हरपूलविरुद्धचा सामना पाहत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ७३ वर्षे होते. ३० जून १९९८ रोजी विश्वचषक स्पर्धेत इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरले. त्या दिवशी आणि पुढील दोन दिवसांत इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढल्याचे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील अभ्यासात दिसून आले. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी अडीच पटींहून अधिक वाढल्या होत्या आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता.

आपल्याकडे क्रिकेटचा अंतिम सामना पाहणाऱ्या आजोबांनाही हेच लागू पडते. म्हणून हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी सामन्याच्या दिवशी औषधाची वेळ चुकवू नये. पोटभर तळकट खाऊन, मद्य किंवा धूम्रपान करत सामना पाहू नये. एकट्याने पाहण्यापेक्षा सोबत असावी. मध्यंतरात उठून चार पावले चालावीत. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही जाणवले, तर सामना संपण्याची वाट न पाहता तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

शेवटी, आई-वडिलांची किंवा सासू-सासऱ्यांची सेवा करणाऱ्या आपणा सर्वांना माझे सांगणे आहे. माणूस आजारी पडला की त्याच्याभोवतीचे सारे आवाज मऊ होतात. कोणी त्याचे म्हणणे खोडत नाही, कोणी पैज लावत नाही, कोणी हरवत नाही. आपण हे मायेने करतो. पण त्या मायेत, 'आता तुमच्याशी बरोबरीने बोलण्यात अर्थ नाही,' असा एक निरोपही नकळत जात असतो. थट्टा आपण बरोबरीच्या माणसाची करतो. म्हणून आपुलकीची थट्टा हा एक मान आहे आणि तो शेवटपर्यंत मिळण्याचा ज्येष्ठांना हक्क आहे.

आपल्या घरातील ज्येष्ठ कोणत्या बाजूचे आहेत, हे एकदा आठवून पाहा. फुटबॉलच असला पाहिजे असे नाही. त्यांचा आवडता गायक, आवडता फलंदाज, आवडती नाटक कंपनी, कोठेतरी त्यांनी तरुणपणी ठाम बाजू घेतलेली असते. त्या बाजूचा विरोधकही कोठेतरी असतो. एखादा जुना सहकारी, मेहुणा, शाळेतला सोबती. आजारपणात तो संकोचाने यायचा थांबला असेल. त्याला बोलवा. येताना द्राक्षे आणली नाहीत तरी चालेल, पण जुने भांडण बरोबर आणायला सांगा. आठवड्याचा एक दिवस ठरवून द्या, म्हणजे वाट पाहायला काहीतरी राहील. आपण शेजारच्या खोलीत कान देऊन बसा. आवाज चढला म्हणून लगेच धावून जाऊ नका, पण थकवा किंवा भीती दिसली तर अवश्य जा.

मे २०२५ मध्ये एव्हर्टनच्या पुरुषांच्या संघाने गुडिसन पार्कवरचा शेवटचा सामना खेळला आणि १३३ वर्षांनी तो क्लब नदीकाठच्या जुन्या गोदीवरील नव्या स्टेडियममध्ये राहायला गेला. निळे आजोबा आता नाहीत. त्यांच्या भाचीचे मात्र मला पत्र आले. ती वडिलांसारखीच लाल आहे. तिच्या नातवाने निळा रंग निवडला आहे. सोमवारी तो चहाला येतो, असे तिने लिहिले आहे, आणि पुढे, "फार छळतो."